वाकडी वाट : उदईच्या भेटीला



आधी नकाशाची वही काढा पाहू! महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात बोट न्या. सापडला नंदुरबार जिल्हा? शाब्बास! आता त्याच्या अगदी वरच्या काठाला पाहा. तिथे एक निळी रेघ दिसेल. कोणती बरं ही नदी?

ही नर्मदा!

"आं! नर्मदा आपल्या महाराष्ट्रात कुठून आली? ती तर मध्य प्रदेशातली!" असं कुणीतरी म्हणणारच. खरंच आहे. अमरकंटकला उगम पावून ही नदी १३१२ किलोमीटर धावते आणि भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. पण या सगळ्या प्रवासात फक्त ५४ किलोमीटर ती आपल्या राज्याला खेटून जाते. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा आधी मध्य प्रदेशचा आणि मग गुजरातचा. आणि हे ५४ किलोमीटर सगळेच्या सगळे नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

आपल्या सदराचा नियम तुम्हाला पाठ आहेच. सरळ रस्त्याने सगळेच जातात, आपण वाट वाकडी करायची! नंदुरबारकडे येणारे बहुतेक लोक तोरणमाळला जातात. हजार मीटरहून उंचावरचं थंड हवेचं ठिकाण, यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी... सगळं छानच आहे. पण आज आपण तिकडे न वळता सातपुड्याच्या पोटात शिरणार आहोत, एका छोट्या डोंगरी नदीला भेटायला. तिचं नाव उदई. काही जण तिला उदय असंही म्हणतात. ती अक्राणीच्या डोंगरातलं पाणी गोळा करत उत्तरेला जाते आणि नर्मदेला मिळते.

नदी लहान आहे, पण तिची गोष्ट लहान नाही बरं का! चला तर.

दोन खड्डे आणि एक भिंत

निघण्याआधी एक कोडं. गोदावरी, कृष्णा, भीमा या आपल्या मोठ्या नद्या कुठे जातात? पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. मग तापी आणि नर्मदा या दोघीच उलट्या, पश्चिमेला का जातात?

याचं उत्तर जमिनीखाली आहे. फार फार पूर्वी इथल्या भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि दोन भेगांच्या मधली जमीन खाली खचली. असे खचलेले दोन लांबट खड्डे तयार झाले. उत्तरेच्या खड्ड्यातून नर्मदा वाहू लागली, दक्षिणेच्या खड्ड्यातून तापी. त्या दोघींच्या मध्ये जी भिंत उभी राहिली, ती सातपुडा पर्वत. भूगोलात या खड्ड्यांना 'खचदरी' म्हणतात.

म्हणजे आपला आजचा प्रवास कसा आहे ठाऊक आहे? एका खड्ड्यातून निघायचं, भिंत चढायची आणि दुसऱ्या खड्ड्यात डोकावायचं!

तापी ओलांडताना

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार हे मोठं स्टेशन आहे. सुरतेकडून याल तर त्याआधी नवापूर लागतं. तिथला फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे! बाकावर या टोकाला बसलेला माणूस एका राज्यात, त्या टोकाचा दुसऱ्या राज्यात.

नंदुरबारला उतरलात की हिवाळ्याच्या दिवसांत नाकाला झणझणीत वास येईल. शहराबाहेरच्या मोकळ्या पटांगणांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. या जागांना इथे 'पथारी' म्हणतात. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल गालिचाच अंथरलाय असं वाटतं.

गावातून पुढे जाण्याआधी दोन मिनिटं थांबा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथे तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले. त्यांचं स्मारक गावात आहे. तुमच्याएवढ्या मुलांचं स्मारक तुम्ही क्वचितच पाहिलं असेल. वाकून नमस्कार करा आणि मग पुढे निघा.

तापी ओलांडली की प्रकाशा येतं. इथे गोमाई नदी तापीला मिळते. संगमावरच्या देवळांमुळे लोक या गावाला 'दक्षिण काशी' म्हणतात. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने इथल्या टेकाडात खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या खुणा सापडल्या. म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणारी माणसं हजारो वर्षांपूर्वी याच संगमावर राहत होती. नदीकाठी राहावं, हे माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही!

प्रकाशाहून तळोद्याकडे चला. दोन्ही बाजूंना केळी, ऊस, कापूस. जमीन सपाट आणि काळीभोर. उजव्या हाताला निळसर डोंगरांची रांग सोबत चालू लागते. तळोद्याच्या आसपास तुम्हाला काही गावांच्या नावापुढे एक शब्द जोडलेला आढळेल. 'रोझवा पुनर्वसन', 'सोमावल पुनर्वसन'. गावाचं असं नाव का असेल? विचार करून ठेवा. उत्तर आपल्याला डोंगरापलीकडे मिळणार आहे.

भिंत चढू या

तळोद्याहून धडगावला जाणारा रस्ता चांदसैली घाटातून जातो. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि वळणामागून वळण. पावसाळ्यात हा घाट हिरवागार होतो, धबधबे रस्त्यावर उड्या घेतात. पण त्याच दिवसांत इथे दरडीही कोसळतात. रस्ता बंद झाला की पलीकडच्या माणसांचा दवाखाना आणि बाजार दोन्ही तुटतात. आपल्याला जो घाट 'काय सुंदर!' वाटतो, तो कुणाची तरी रोजची अडचण असतो. हे प्रवासात सतत ध्यानात ठेवायचं, बरं का.

याच डोंगरांत अस्तंभा नावाचं शिखर आहे, १३२५ मीटर उंच. महाभारतातला अश्वत्थामा तुम्हाला आठवतो ना? कपाळावरचा मणी गमावलेला आणि भळभळती जखम घेऊन फिरणारा? तो या डोंगरात अजून आहे आणि वाटसरूकडे जखमेवर घालायला तेल मागतो, अशी इथली श्रद्धा आहे. दिवाळीच्या दिवसांत, धनत्रयोदशीच्या सुमाराला, हजारो लोक रात्रीच्या अंधारात हे शिखर चढून जातात.

घाट संपला की अक्राणी तालुका सुरू होतो. त्याचं मुख्य ठिकाण धडगाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. एवढ्या डोंगराळ मुलखाचं कामकाज दूरच्या धुळ्याहून पाहणं अवघडच होतं.

पाड्यांच्या देशात

इथलं गाव म्हणजे आपल्याकडच्यासारखी एकमेकांना चिकटलेली घरं नव्हेत. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात. अशी पाच-पन्नास घरं मिळून एक पाडा आणि असे अनेक पाडे मिळून एक गाव. एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जायला डोंगर उतरून ओढा ओलांडावा लागतो. भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून शेणामातीने सारवलेल्या.

इथे भिल आणि पावरा लोक राहतात. त्यांच्या बोली मराठीहून वेगळ्या आहेत. त्यामुळे पहिलीत जाणाऱ्या मुलाला मराठी ही नवीन भाषा असते! तुम्हाला पहिल्याच दिवशी सगळे धडे कानडीतून शिकवायला लागले तर कसं वाटेल? तसंच. तेव्हा धडगावच्या बाजारात तुमच्याशी मराठीत बोलणारी मुलं भेटली, तर ती दोन भाषा जाणतात, हे विसरू नका. आपण किती जाणतो?

उन्हाळ्यात आलात तर घराघरांपुढे कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. हा आमचूर. झाडावरून कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. तुमच्या घरच्या चाटमसाल्यातला आंबटपणा कदाचित इथूनच आला असेल! शेजारच्या मोलगी भागातली भगरही नावाजलेली आहे. डोंगरउतारावर, थोड्याशा मातीत, पावसाच्या पाण्यावर येणारं हे धान्य. उपासाला आपण खातो ते.

आणि होळीला आलात तर विचारूच नका! होळीच्या आधीच्या आठवडी बाजारांना 'भोंगऱ्या बाजार' म्हणतात. ढोल, पावरी, नवे कपडे, नुसती धमाल. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची 'राजवाडी होळी' तर प्रसिद्धच आहे. डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरं बांधून लोक रात्रभर नाचतात. ही होळी संध्याकाळी पेटत नाही. ती पेटते पहाटे!

ही पाहा उदई

धडगाव सोडून बिलगावकडे उतरू लागलात की जंगल विरळ-दाट होत राहतं. साग, मोह, खैर, आंबा. आणि मग पाण्याचा आवाज येतो. आधी पानांची सळसळ असावी असा, मग वाऱ्यासारखा, मग धो धो!

बिलगावला उदई नदी काळ्या कातळावरून खाली झेपावते. हा कातळ बसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला, आपल्या आजीच्या गोधडीसारखा. सह्याद्रीतला कातळ तोच आणि इथलाही तोच. सगळे थर मात्र सारखे टणक नसतात. मऊ थर पाणी लवकर झिजवतं, टणक थर तसाच राहतो. मग पायरी तयार होते आणि पायरीवरून पाणी पडलं की झाला धबधबा!

पावसाळ्यात उदई तांबूस, गढूळ आणि रागीट असते. पाऊस ओसरला की तीच नदी निवळते. दगडांमधून खळखळत जाणारं थंडगार पाणी, मध्येच हिरवा डोह, काठावर पाणी प्यायला आलेली गुरं. दगडावर गप्प बसून राहावं आणि फक्त ऐकावं अशी ही जागा आहे.

बिलगावची खरी गंमत मात्र पुढेच आहे. या धबधब्याने एकदा दिवे लावले होते!

पाण्याने दिवे कसे लागतात?

असं पाहा. दप्तर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलात की तुम्हाला दम लागतो. कारण वजन वर न्यायला ताकद खर्च होते. मग वजन वरून खाली आलं तर ती ताकद परत मिळायला हवी. मिळतेच! समुद्राचं पाणी वर डोंगरापर्यंत कुणी नेलं? सूर्याने. त्याने पाण्याची वाफ केली, वाऱ्याने ढग आणले, पाऊस पडला. आता ते पाणी खाली येताना सूर्याने घेतलेली मेहनत परत देतं. ती पकडता आली पाहिजे, एवढंच.

धबधब्याच्या वरच्या बाजूला छोटा बंधारा घालायचा. थोडं पाणी मोठ्या पाइपातून खाली सोडायचं. ते जोरात एका चक्रावर आदळतं, चक्र फिरतं, चक्राला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. पाणी पुन्हा नदीत. धूर नाही, कोळसा नाही, डिझेल नाही.

जरा हिशेब करू या. दर सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटर खाली पडतंय असं समजा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १०० ला १० ने गुणायचं आणि पुन्हा साधारण १० ने गुणायचं (हा शेवटचा १० पृथ्वीच्या ओढीचा). झाले १०,००० वॉट. त्यातले निम्मे घर्षणात वगैरे वाया गेले असं धरलं, तरी ५,००० वॉट उरले. आजचा एलईडी दिवा ९ वॉटचा असतो. म्हणजे साडेपाचशेहून जास्त दिवे! एका छोट्याशा धबधब्यातून!

बिलगावचं वीजघर १५ किलोवॉटचं होतं. ते २००३ साली सुरू झालं. केरळातून आलेले तरुण अभियंते, नर्मदा बचाओ आंदोलन आणि बाहेरून मदत करणाऱ्या संस्था यांनी ते उभारलं खरं. पण दगड वाहिले, माती खणली, बंधारा घातला तो गावकऱ्यांनी. या भागात 'लाह' नावाची जुनी पद्धत आहे. एखाद्याचं घर बांधायचं किंवा शेताचं मोठं काम असलं की सगळे मिळून हात लावतात. मजुरी नाही, ज्याचं काम त्याने जेवण द्यायचं, आणि उद्या आपणही दुसऱ्याच्या कामाला जायचं. तीच सवय इथे कामी आली.

आणि एका रात्री पाड्यांमधल्या घरांत दिवे लागले. गावाला सरकारी तारांनी वीज मिळाली नव्हती, ती गावच्या नदीने दिली!

तुमच्या आई-बाबांना विचारा, 'स्वदेस' नावाचा सिनेमा त्यांनी पाहिलाय का. आशुतोष गोवारीकरांचा, २००४ सालचा. त्यात गावकरी मिळून ओढ्यावर वीज तयार करतात आणि एका म्हाताऱ्या आजीच्या चेहऱ्यासमोर दिवा लागतो. त्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा होती असं सांगतात. सिनेमाचं गाव मात्र वाईजवळच्या मेणवलीत चितारलं होतं.

मग ते दिवे कुठे गेले?

आता आपण बिलगावहून उदईच्या सोबतीने खाली, नर्मदेकडे पाहू या.

नर्मदा इथे वाहताना दिसत नाही. ती पसरलेली दिसते. डोंगरांच्या मधोमध संथ, रुंद, हिरवट पाणी. किनाऱ्यालगत कुठे कुठे वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले. हा आहे सरदार सरोवर धरणाचा फुगवटा. धरण गुजरातमध्ये आहे, पण त्याने अडवलेलं पाणी मागे २१४ किलोमीटरपर्यंत पसरतं. नर्मदेत आणि तिला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांच्या तोंडांतही ते मागे शिरतं.

या धरणाची पायाभरणी १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. मग राज्यांत पाणीवाटपाचा वाद झाला, १९७९ साली लवादाचा निकाल आला आणि पुढे बांधकाम सुरू झालं. भिंत थोडी थोडी उंच होत गेली. २००६ साली ती १२१.९२ मीटरवर पोचली. त्याच पावसाळ्यात वर चढलेलं पाणी बिलगावच्या वीजघरात शिरलं, आणि तीन वर्षं उजेड देणारं ते यंत्र बंद पडलं. पुढे धरणाला दरवाजे बसले, उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

महाराष्ट्रातली ३३ गावं या पाण्याच्या कचाट्यात सापडली. अक्कलकुवा तालुक्यातली ९ आणि अक्राणीतली २४. मणिबेली हे त्यातलं पहिलं. काहींची फक्त शेतं गेली, काहींची घरंही गेली. आता तळोद्याजवळच्या त्या नावांचं कोडं सुटलं ना? डोंगरातून उठवलेल्या माणसांना जिथे जमीन दिली, तिथे नवी गावं वसली. म्हणून 'पुनर्वसन'. पण पुष्कळ लोक डोंगर सोडून गेले नाहीत. पाणी वर आलं, तसे तेही वर सरकले.

आता दुसरी बाजूही पाहू या. याच धरणाचं पाणी कालव्यांतून गुजरातच्या कोरड्या सौराष्ट्र-कच्छपर्यंत आणि राजस्थानपर्यंत गेलंय. तिथे तुमच्यासारखीच मुलं आहेत आणि त्यांनाही तहान लागते. धरणाची वीजक्षमता १४५० मेगावॉट, आणि त्यातला २७ टक्के वाटा आपल्या महाराष्ट्राचा. तुमच्या खोलीतल्या दिव्यात त्यातलं थोडंफार येतही असेल.

मग बरोबर काय आणि चूक काय? या प्रश्नावर मोठी माणसं चाळीस वर्षं भांडली. आंदोलनं झाली, न्यायालयात खटले चालले. एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. पण एक प्रश्न मनाशी जरूर विचारा : ज्याच्या दारातल्या नदीतून वीज निघाली, त्याच्या घरातला दिवा विझला, तर त्याला आपण काय देणं लागतो?

पाण्यावरची शाळा, पाण्यावरचा दवाखाना

पाणी आल्यावर काठावरच्या गावांचे रस्तेच बुडाले. पूर्वी उन्हाळ्यात चालत जायची वाट आता होडीची झाली. आजारी माणसासाठी 'तरंगता दवाखाना' म्हणजे डॉक्टरांची बोट काठाकाठाने फिरते.

शाळांचं काय? १९९१-९२ साली चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे आंदोलनातल्या लोकांनी 'जीवनशाळा' सुरू केल्या. आधी आपल्या बोलीत शिकायचं, मग मराठीत. झाडांची नावं, डोंगरांच्या गोष्टी हेही धडेच. पाणी वाढलं की शाळा उचलून आणखी वर न्यायची! बांबूच्या भिंती, छप्पर, फळा, सगळं डोक्यावर. आपल्या शाळेचा फळा आपण कधी उचलून डोंगरावर नेलाय का?

आणि २०२० सालची एक हकिगत ऐका. करोनाची टाळेबंदी लागली. घाबरून पाड्यांवरच्या आया आपली बाळं घेऊन अंगणवाडीत येईनात. चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविकेने काय केलं? मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत पाड्यांवर जाऊ लागली. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर, तेही आठवड्यातले पाच दिवस! बाळांचं वजन करायचं, गरोदर बायकांची विचारपूस करायची, खाऊची पाकिटं द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा वल्हवत परत. पोहायला आणि वल्हवायला ती लहानपणीच शिकली होती. हात दुखत नाहीत का, असं लोकांनी विचारलं. दुखायचेच! पण त्या बाळांपर्यंत जायला दुसरी वाट नव्हती.

जाणार असाल तर

१. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. भर पावसात घाटात आणि धबधब्याजवळ जाऊ नका. डोंगरात दूर कुठे पाऊस पडला तरी इथलं पाणी बघता बघता वाढतं.

२. होडीत बसायचं तर अंगात तरंगजाकीट हवंच. होडी भरलेली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. २०१९ च्या मकरसंक्रांतीच्या दिवशी भुषा गावाजवळ माणसांनी खच्चून भरलेली होडी नर्मदेत उलटली आणि काही जणांचे प्राण गेले. पाणी संथ दिसतं म्हणून ते उथळ असतं असं नाही.

३. कुणाच्या घराचे, माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा. आपल्या अंगणात कुणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपल्याला चालेल का?

४. धडगावच्या पुढे दुकानं कमी. खाण्यापिण्याचं सामान सोबत घ्या, पण रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या सोबत परत आणा.

५. बाजारातून थोडा आमचूर, थोडी भगर जरूर घ्या. घासाघीस करू नका!

आणि जाणं जमलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गावाजवळही एखादा ओढा असेलच. तो कुठून येतो, कुठे जातो, त्याच्या काठाला कोण राहतं, हे कधी पाहिलंय? येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन तिकडे वाट वाकडी करा. नदी ओळखायची सुरुवात ओढ्यापासूनच होते.

डोक्याला खुराक

१. नर्मदेची एकूण लांबी १३१२ किलोमीटर. महाराष्ट्राच्या वाट्याला ५४. म्हणजे शेकडा किती?

२. सरदार सरोवराची वीजक्षमता १४५० मेगावॉट, बिलगावच्या वीजघराची १५ किलोवॉट. पहिली दुसरीच्या किती पट?

३. सातपुड्याच्या माथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक उत्तरेला घरंगळला, एक दक्षिणेला. दोघे समुद्राला कोणत्या शहरांजवळ भेटतील?

४. हे गणित नाही. बिलगावचं वीजघर तुम्हाला पुन्हा उभारायचं आहे. कुठे बांधाल? पाणी कुठून घ्याल? कुणाला विचाराल? चित्र काढून आम्हाला पाठवा. चांगली चित्रं आपण छापू.

(उत्तरे : १. सुमारे ४.१ टक्के. २. सुमारे ९६,६६७ पट. ३. उत्तरेचा नर्मदेतून भडोचजवळ, दक्षिणेचा तापीतून सुरतजवळ. समुद्र मात्र दोघांचा एकच! ४. याचं उत्तर तुमच्याकडे.)

बराय तर, पुढच्या आठवड्यात भेटू आणखी एका वाकड्या वाटेवर!